सरपंचाच्या हाती सही, महापौराच्या हाती फीत! कर्तबगार महापौरही लोकांच्या मनातून का उतरतो?

गावचा सरपंच आणि नाशिकसारख्या शहराचा महापौर, या दोघांत जास्त अधिकार कोणाकडे? प्रश्न वेडगळ वाटेल. एकीकडे दीड-दोन हजार मतदारांचं गाव, दुसरीकडे २०११ च्या जनगणनेतच साडेचौदा लाखांच्या पुढे गेलेलं शहर. महापौराला गाडी, बंगला, शिपाई, मागे-पुढे माणसं. सरपंचाकडे स्वतःची मोटरसायकल.

पण कायदा उघडून पाहिला तर उत्तर उलटं निघतं. ग्रामपंचायतीच्या कायद्यात ठराव अमलात आणण्याचा कार्यकारी अधिकार सरपंचाकडे दिला आहे. महापालिकेच्या कायद्यात हाच अधिकार आयुक्ताकडे आहे. आयुक्त सरकार नेमते, बदली सरकार करते. महापौर हा शहराचा प्रथम नागरिक आणि महासभेचा अध्यक्ष. सभा चालवायची, उद्घाटनाची फीत कापायची, पाहुण्यांचं स्वागत करायचं. फाईलवरची शेवटची सही त्याची नसते.

लोकांना मात्र हे ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी रस्त्यातल्या खड्ड्यात गाडी आदळली की आयुक्ताचं नाव तोंडात येत नाही. नाव येतं ते महापौराचं, नाहीतर नगरसेवकाचं. हुशार, कामाचा, हात स्वच्छ असलेला महापौरही अडीच वर्षांत लोकांच्या मनातून उतरतो, त्याचं मूळ इथे आहे. दोष एकाच्या दारात, चावी दुसऱ्याच्या खिशात.

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या महापालिकांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या झाल्या. सिन्नर, येवला, मनमाड, ओझर, पिंपळगाव बसवंत अशा गावांत थेट लोकांनी नगराध्यक्ष निवडले. म्हणजे हा प्रश्न फक्त शहराचा राहिलेला नाही. तालुक्याच्या गावातही आता तोच खेळ सुरू झाला आहे.

खुर्ची मोठी, हात आखूड

महापालिकेत तीन सत्ताकेंद्रं असतात. पहिलं महासभा, म्हणजे सगळे नगरसेवक. तिचा अध्यक्ष महापौर. दुसरं स्थायी समिती. १६ जणांची ही समिती मोठे ठेके आणि खर्च मंजूर करते, तिचा सभापती वेगळा असतो. नगरसेवकांच्या मनात अनेकदा महापौरपदापेक्षा या सभापतिपदाचं वजन जास्त असतं. तिसरं केंद्र आयुक्त. कर्मचारी, निविदा, अतिक्रमण विभाग, घरपट्टीची वसुली, बांधकाम परवाने हे सगळं त्याच्या हाताखाली.

याशिवाय शहरात असं बरंच काही असतं जे महापालिकेचंच नसतं. वाहतूक कोंडी सोडवणारे पोलीस गृहखात्याचे. वीज महावितरणची. नाशिकमधून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग आणि त्यावरचा उड्डाणपूल केंद्राच्या महामार्ग प्राधिकरणाचा. गंगापूर, दारणा, मुकणे या धरणांतून शहराला किती पाणी मिळणार, ते जलसंपदा खातं आणि पालकमंत्र्यांसमोरची बैठक ठरवते. पिण्याचं पाणी कमी आलं तर मात्र हंडा मोर्चा थेट महापालिकेवर जातो.

महापौराची मुदतही पाहा. नगरसेवक पाच वर्षांसाठी, महापौर अडीच वर्षांसाठी. पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, ते मंत्रालयात सोडत काढून ठरतं. एखाद्याने पहिले सहा महिने कारभार समजून घेतला, पुढच्या वर्षी एखादी योजना रेटली, तोवर जायची वेळ होते. पाण्याची मोठी जलवाहिनी किंवा मलनिस्सारण केंद्र अडीच वर्षांत मंजुरीपासून नळापर्यंत क्वचितच पोहोचतं. पेरणी एकाची, खुडणी दुसऱ्याची, हे ठरलेलं.

तिजोरीची किल्ली मुंबईला गेली

पूर्वी शहरांकडे स्वतःचा खात्रीचा पैसा होता, जकात. नाक्यावर ट्रक थांबायचा, पावती फाटायची, रोजच्या रोज पैसा जमा व्हायचा. त्यात भ्रष्टाचार होता, ट्रकवाल्यांचे हाल होते, हे खरं. पण उत्पन्न शहराचं होतं. २०१३ पर्यंत मुंबई सोडून महापालिकांची जकात गेली आणि स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दुकानं बंद ठेवली. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना त्यातूनही सूट मिळाली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकातही संपली.

आता महापालिकेच्या हातात उरली घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकाम परवान्यांची फी अशी उत्पन्नं. बाकी मोठा आधार सरकारकडून येणाऱ्या अनुदानाचा. याचा राजकीय अर्थ सरळ आहे. राज्यात ज्यांची सत्ता, त्यांच्याच पक्षाचा महापौर असला तर फाईल हलते. नसला तर तिला पाय फुटत नाहीत. आणि स्वतःचं उत्पन्न वाढवायचं म्हटलं तर एकच रस्ता उरतो, लोकांची घरपट्टी वाढवणे. लोकप्रियता गमावण्याचा यापेक्षा जवळचा रस्ता नाही.

नाशिकचा धडा : ४० वरून ५

हे सगळं कागदावरचं वाटत असेल तर नाशिकचाच इतिहास पाहावा.

२०१२ च्या निवडणुकीत नाशिक महापालिकेच्या १२२ जागांपैकी ४० जागा महाराष्ट्र नवनिर्माण सेनेला मिळाल्या. सर्वांत मोठा पक्ष, पण बहुमत नाही. ॲड. यतीन वाघ महापौर झाले, त्यांच्यानंतर २०१४ मध्ये अशोक मुर्तडक. पाच वर्षांत पक्षाने नाशिक हे आपलं दाखवायचं शहर म्हणून उभं करायचा प्रयत्न केला. पांडवलेणीच्या पायथ्याचं वनउद्यान, शस्त्रांचं संग्रहालय, गोदापार्क अशी कामं मोठ्या उद्योगसमूहांची मदत घेऊन पुढे आणली. २०१५ चा सिंहस्थ कुंभमेळाही याच काळात पार पडला.

२०१७ चा निकाल लागला तेव्हा मनसेच्या जागा होत्या ५. भाजपला ६६ मिळाल्या. काम करूनही नाशिककरांनी नाकारलं, ही खंत राज ठाकरे यांनी त्यानंतर अनेकदा जाहीर सभांमधून मांडली.

काम किती झालं, कसं झालं यावर वाद आहेत आणि ते राहतील. पण ४० वरून ५ वर घसरण होते तेव्हा फक्त कामाचा हिशेब पुरत नाही. त्यामागे चार गोष्टी दिसतात.

एक, बहुमत नव्हतं. आधी भाजपचा, नंतर दुसऱ्यांचा टेकू घ्यावा लागला. टेकू देणारा फुकट देत नाही. प्रत्येक समितीत वाटा द्यावा लागतो, आणि न झालेल्या कामाचा दोष मात्र महापौराच्या पक्षाकडेच राहतो.

दोन, पैसा. जकात जाऊन एलबीटी येणं आणि एलबीटी जाणं, हे दोन्ही याच पाच वर्षांत घडलं. घर चालवणाऱ्याचा पगारच मध्येच बदलावा, तसा प्रकार.

तीन, दिसलेली कामं आणि हवी असलेली कामं यांत अंतर राहिलं. उद्यान आणि संग्रहालय बघायला माणूस वर्षातून एकदा जातो. गल्लीतला कचरा, पथदिवा आणि खड्डा तो रोज बघतो. वर्षातून एकदा दिलेली शाबासकी रोजच्या त्राग्यापुढे टिकत नाही.

चार, निवडणूक शहराच्या कामावर झालीच नाही. तेव्हा केंद्रात आणि राज्यात भाजपची हवा होती. मनसेचे बरेच नगरसेवक निवडणुकीआधीच दुसऱ्या पक्षांत गेले होते. प्रभाग चार-चार सदस्यांचे झाले होते. त्यातच मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नाशिक दत्तक घेण्याची घोषणा केली. ज्या मतदाराला ठाऊक आहे की पैसा मुंबईहून येतो, तो मुंबईत सत्ता असलेल्याला मत देतो. यात मतदार चुकला असं म्हणता येत नाही. त्याने व्यवहार पाहिला.

बहुमत आलं, तरी चावी आली नाही

मग ६६ नगरसेवक, राज्यात आपलंच सरकार, अशी ताकद असलेल्या महापौराचं तरी बरं चाललं का? २०१७ मध्ये भाजपच्या रंजना भानसी महापौर झाल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले. शिस्त, वेळेवर हजेरी, वायफळ खर्चाला कात्री यामुळे अनेक नागरिक खूश झाले. पण त्यांनी घरपट्टीसाठीचे मूल्यांकनाचे दर वाढवले. मोकळ्या जागा आणि शहर हद्दीतली शेतजमीनही त्यात ओढली गेली, यावरून शेतकरी आणि नागरिक रस्त्यावर उतरले. नगरसेवकांचा विरोध, महासभेचा विरोध, सगळं झालं, पण आयुक्त लगेच मागे हटले नाहीत. शेवटी अविश्वास ठरावाची तयारी झाली. काही सवलती जाहीर झाल्या आणि मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून तो ठराव मागे घेतला गेला. नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंढे यांची बदली झाली.

कोण बरोबर, कोण चूक, हा मुद्दा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. करवाढीचा निर्णय महापौरांनी घेतला नव्हता, पण घरोघरी जाऊन उत्तर देण्याची वेळ मात्र त्यांच्या पक्षाच्या नगरसेवकांवर आली. दोन वर्षं आधी, ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी मुंबईत याच अधिकाऱ्याविरुद्ध १०४ विरुद्ध ६ मतांनी अविश्वास ठराव मंजूर झाला होता. तरीही सरकारने त्यांना आणखी काही महिने तिथेच ठेवलं. लोकांनी निवडलेल्या जवळजवळ अख्ख्या सभागृहापेक्षा मंत्रालयाचा एक कागद जड ठरतो, हे त्या दिवशी राज्याने पाहिलं.

आणि लोकांचं मत? बऱ्याच ठिकाणी ते आयुक्ताच्या बाजूने असतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ठाण्यात टी. चंद्रशेखर यांनी रस्ते रुंद केले, पुढे नागपुरातही तसंच काम केलं. ठाणेकर आजही ते नाव काढतात. त्या वेळचे महापौर कोण होते, असं विचारलं तर दहातले नऊ जण आठवत बसतील. अतिक्रमण पाडणारा अधिकारी धडाडीचा ठरतो. तेच पाडकाम थांबवा म्हणून ज्याच्याकडे आपण जातो, तो नगरसेवक किंवा महापौर कामचुकार ठरतो. अधिकाऱ्याला पुढच्या निवडणुकीत मत मागायचं नसतं, म्हणून त्याला नाही म्हणता येतं. महापौराला नाही म्हणणं परवडत नाही आणि हो म्हणून काम करून देण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो.

मग सगळे अधिकार महापौराला दिले तर?

हा प्रयोगही महाराष्ट्रात करून झाला आहे. १९९८ मध्ये युती सरकारच्या काळात मुंबई आणि नागपूर इथे ‘महापौर परिषद’ आणली गेली. म्हणजे मंत्रिमंडळासारखी रचना, महापौर प्रमुख आणि कारभार त्यांच्याकडे. पुढच्याच वर्षी ती गुंडाळली गेली. नीट मुरायलाही वेळ मिळाला नाही.

पण अधिकार आले म्हणजे लोकांचं मत जिंकलं, असंही नाही. अमेरिकेतल्या शिकागो शहराचं उदाहरण यासाठी जगभर सांगितलं जातं. तिथे महापौर हाच शहराचा कारभारी. राज्याने पाठवलेला आयुक्त नाही, खातेप्रमुख महापौरच नेमतो. १९७९ च्या जानेवारीत तिथे प्रचंड बर्फ पडला. महापौर होते मायकेल बिलँडिक. पक्षाची पोलादी यंत्रणा पाठीशी होती, निवडणूक सहज जिंकणार असं सगळे धरून चालले होते. पण रस्त्यांवरचा बर्फ दिवसेंदिवस हटेना, लोकल गाड्या गरीब वस्त्यांतल्या स्थानकांवर न थांबता पुढे जाऊ लागल्या. महापालिका म्हणत होती की काम चालू आहे. लोकांना दारातून दिसत होतं की चालू नाही. महिनाभरात, फेब्रुवारीच्या अखेरीस पक्षांतर्गत निवडणुकीत ते हरले. हरवलं जेन बर्न यांनी, ज्यांना त्यांनीच पूर्वी महापालिकेच्या पदावरून काढलं होतं.

बर्फ हा कोणाचा दोष नव्हता. लोकांनी राग धरला तो दोन गोष्टींचा. डोळ्यांना दिसतं त्याच्या उलट सांगितलं गेलं, आणि सगळ्यांना सारखं वागवलं गेलं नाही. आपल्याकडे बर्फाच्या जागी पावसाळ्यातलं तुंबलेलं पाणी ठेवलं की गोष्ट तीच. नालेसफाई शंभर टक्के झाली असं जून महिन्यात सांगणारा महापौर पहिल्या मोठ्या पावसात तोंडघशी पडतो. ‘एवढी झाली, एवढी राहिली, अमुक वस्तीत पाणी साचू शकतं’ असं आधीच सांगणाऱ्याला लोक निदान खोटारडा म्हणत नाहीत.

जमिनीखालचं काम आणि तोंडावरचा त्रास

कर्तबगार माणसाची आणखी एक अडचण असते. चांगली कामं बहुतेक जमिनीखाली असतात. जलवाहिनी, गटार, सांडपाण्याचं केंद्र. ती करायची म्हणजे आधी रस्ता खोदायचा. सहा महिने धूळ, चिखल, दुकानदारांचा तोटा. काम पूर्ण झालं की रस्ता परत पहिल्यासारखा होतो आणि खाली काय बदललं ते कोणाला दिसत नाही. पाणी वेळेवर यायला लागलं की लोकांना ते आपलं हक्काचंच वाटतं, आणि ते बरोबरही आहे. न आलेल्या पाण्याची बातमी होते, आलेल्या पाण्याची होत नाही.

उलट ज्याला फक्त नाव करायचं आहे, तो चौकात कारंजं उभारतो, कमान उभारतो, रोषणाई करतो. फोटो मोबाईलवर फिरतो. कामाचा माणूस आणि दिखाव्याचा माणूस यांत पहिल्या वर्षी तरी दुसराच पुढे असतो.

त्यात आता हातात मोबाईल आहे. खड्ड्याचा व्हिडिओ अर्ध्या तासात दहा गटांत पोहोचतो. तो खड्डा कोणत्या खात्याच्या रस्त्यावरचा, ठेकेदार कोण, दुरुस्तीची मुदत कधीपर्यंत, हे मात्र त्यासोबत फिरत नाही. उत्तर द्यायला महापौर पत्रक काढतो चार दिवसांनी, सरकारी भाषेत. तोवर लोकांचं मत बनून गेलेलं असतं.

महापौरच नव्हता, तेव्हा काय झालं?

मार्च २०२२ ला नाशिक महापालिकेची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार राहिला. मुंबई, पुण्यातही तेच झालं. महापौर बिनकामाचा असेल तर तो नसल्याने काही बिघडायला नको होतं. पण बिघडलं.

२०२५ च्या शेवटी तपोवनात साधुग्रामासाठी सुमारे १८०० झाडं तोडण्याचा विषय निघाला. नाशिककर रस्त्यावर आले, कलाकार आले, राज्यभर चर्चा झाली. त्या वेळी महापालिकेत एकही निवडून आलेला माणूस नव्हता. सभागृहात प्रश्न विचारायला नगरसेवक नाही, सभा बोलवायला महापौर नाही. लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, कारण दाद मागायला दुसरं दार उघडं नव्हतं.

इथे महापौरपदाची खरी किंमत कळते. अधिकार कमी असले तरी ती एक जागा असते जिथे राग घेऊन जाता येतं. शिव्या खायला तरी कोणी हवं, असं लोक थट्टेने म्हणतात, पण लोकशाहीत ते मोठं काम आहे. अधिकाऱ्याला शिव्या देऊन काही होत नाही. महापौराला दिल्या की त्याला पुढच्या निवडणुकीची आठवण होते.

नदीकाठच्या गावांचा महापौर कोण?

या सगळ्यात एक माणूस कोणाच्याच हिशेबात नसतो, तो म्हणजे शहराच्या खालच्या अंगाला राहणारा शेतकरी. नाशिकमधून गोदावरी निफाड तालुक्यात येते. शहराचं पूर्ण शुद्ध न झालेलं सांडपाणी तिच्यासोबत येतं. चांदोरी, सायखेडा परिसरात पात्रावर पानवेलींचा हिरवा थर पसरतो, पुराच्या वेळी त्या पुलाला अडकतात. पुढे नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेलं. तिथवर शहराची घाण पोहोचते.

सांडपाणी केंद्र नीट चालवणारा महापौर या गावांच्या दृष्टीने सर्वांत कर्तबगार. पण त्यांचं मत त्याला मिळत नाही, कारण ते त्याचे मतदारच नाहीत. आणि शहरातल्या मतदाराला केंद्र चालतं की बंद आहे, ते दिसत नाही. म्हणजे ज्या कामाचा सर्वांत जास्त फायदा, त्याला सर्वांत कमी मतं. महापौर ते काम मागे टाकून चौकातलं कारंजं पुढे घेतो, त्यात नवल नाही. हे बदलायचं तर नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी ठराव करून प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि महापालिका, दोघांकडे लेखी मागणी लावून धरण्याला पर्याय नाही.

तालुक्याच्या गावातही हेच वारं

थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षाची गोष्ट महापौरापेक्षा थोडी वेगळी आहे. त्याला अख्ख्या गावाने निवडलेलं असतं, त्यामुळे शब्दाला वजन असतं. पण ही पद्धतही सरकार बदललं की बदलते. २०१६ मध्ये नगराध्यक्ष आणि २०१७ मध्ये सरपंच थेट निवडायचं ठरलं. २०२० मध्ये दोन्ही रद्द झालं. २०२२ मध्ये पुन्हा आलं.

थेट निवडीत एक पेच कायम असतो. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं. मग प्रत्येक सभेत अडवणूक. विषय तहकूब, निधी परत, कामं ठप्प. रोजचा कारभार मुख्याधिकाऱ्याच्या हातात, तोही सरकारने पाठवलेला. मतदाराने नगराध्यक्षाला एक बटण आणि नगरसेवकाला दुसरं बटण दाबलेलं असतं. वर्षभराने ‘काहीच काम नाही’ म्हणताना ते दोन बटणांचं भांडण कोणाच्या ध्यानात राहत नाही.

गावाकडे आहे ते शहराकडे नाही

लोकांचं मत सांभाळायला उद्घाटनं आणि फलक पुरत नाहीत. त्यासाठी समोर येऊन सांगावं लागतं. आणि इथे गाव शहरापेक्षा पुढे आहे. गावात ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार व्हायला हव्यात, असा नियम आहे. त्या सगळीकडे नीट होतात असं नाही, काही ठिकाणी सह्या घरोघरी फिरवल्या जातात. तरी चिडलेला माणूस उभा राहून सरपंचाला ‘निधी आला किती, गेला कुठे’ असं विचारू शकतो, आणि सरपंचाला चारचौघांत उत्तर द्यावं लागतं. शिव्या पडतात, पण हिशेबही होतो.

शहरात असा चव्हाटा नाही. क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली, पण ती कागदावरून फारशी खाली उतरली नाही. महापौर लोकांना भेटतो ते मंडपात, सत्कारात, नाहीतर मोर्चात. तिन्ही ठिकाणी बोलणं होत नाही. म्हणून चांगला महापौरही लोकांपासून तुटतो. त्याचं काम लोकांना कळत नाही आणि लोकांचं दुखणं त्याला उशिरा कळतं.

ज्या महापौराला किंवा नगराध्यक्षाला हे टाळायचं आहे, त्याच्यासाठी मार्ग अवघड नाही, फक्त कटकटीचा आहे. कोणतं काम आपल्या हातात आहे आणि कोणतं नाही, हे पहिल्याच महिन्यात लोकांना स्पष्ट सांगायचं. जे दुसऱ्या खात्याचं आहे, त्याचा पाठपुरावा केलेली पत्रं दाखवायची. मोठं काम काढताना त्रास किती दिवस होणार, ते आधी सांगायचं आणि ती तारीख पाळायची. पाळता आली नाही तर तोंड लपवायचं नाही. आणि उद्यानाआधी गटार हातात घ्यायचं.

मतदाराचंही एक काम आहे. तक्रार करताना पहिला प्रश्न ‘हे कोणाच्या हातात आहे?’ हा असावा. रस्ता नगरपरिषदेचा की बांधकाम खात्याचा, पाणी योजना कोणाची, निधी कोणत्या टेबलावर थांबला. माहितीच्या अधिकारात साधा अर्ज केला तर ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. नगरपरिषदेच्या सभेत आपल्या नगरसेवकाने विषयाच्या बाजूने मत दिलं की विरोधात, हे इतिवृत्तात लिहिलेलं असतं. ते मागता येतं.

तसं झालं तर दोन गोष्टी होतील. खरंच काम न करणाऱ्या महापौराला ‘अधिकारच नाहीत हो’ म्हणून सुटता येणार नाही. आणि जो करतो आहे, त्याला दुसऱ्याच्या पापाचं खापर डोक्यावर घेऊन घरी जावं लागणार नाही. चावी कोणाच्या खिशात आहे ते लोकांना कळलं, की खिसा बदलायला की माणूस बदलायला मत द्यायचं, हे ठरवणं सोपं जातं.